सांडपाणी केंद्र आणि पारा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या डुलुथ शहराच्या सांडपाणी संस्थेने नव्वदच्या दशकात स्वेच्छेने एक काम अंगावर घेतलं. कोणी दंड ठोठावण्याची वाट न पाहता गटारात येणारा पारा उगमापाशीच अडवायचा, असं ते काम. त्याबद्दल मैलापाणी केंद्रातले अभियंते, दंतवैद्य आणि पर्यावरणाचे विद्यार्थी जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथला विषयच तसा आहे.

उदाहरण म्हणून डुलुथच का?

डुलुथ हे मिनेसोटा राज्यातलं बंदर, लेक सुपीरियर या अवाढव्य तळ्याच्या पश्चिम टोकाला. डुलुथ, क्लोके आणि आसपासच्या गावांचं सांडपाणी एकच संस्था सांभाळते. तिचं नाव वेस्टर्न लेक सुपीरियर सॅनिटरी डिस्ट्रिक्ट. राज्याच्या विधिमंडळाने १९७१ मध्ये ती स्थापन केली आणि १९७८ मध्ये तिचं केंद्र सुरू झालं. दिवसाला सुमारे चार कोटी गॅलन, म्हणजे पंधरा कोटी लिटरच्या घरात पाणी तिथे येतं. त्यात घरांच्या मैलापाण्याबरोबर कागद गिरण्यांचं पाणीही असतं. शुद्ध केलेलं पाणी सेंट लुइस नदीच्या मुखाशी सोडलं जातं आणि तिथून ते तळ्यात जातं.

या संस्थेची एक गोष्ट वेगळी आहे. त्या भागातल्या घनकचऱ्याची जबाबदारीही तिच्याकडेच आहे. घरात फुटलेला थर्मामीटर बेसिनमध्ये धुतला काय किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकला काय, तो शेवटी याच संस्थेच्या दारात येणार. आपल्याकडे मलनिःसारण खातं आणि घनकचरा खातं एकमेकांकडे बोट दाखवतात, तशी सोय तिथे नव्हती.

तिसरं कारण तळं. लेक सुपीरियरचं सगळं पाणी एकदा बदलायला सुमारे १९१ वर्षं लागतात. अशा पाण्यात काही सोडताना 'वाहून जाईल' असं म्हणून चालत नाही.

गटारात पारा येतोच कुठून? पारा कोण ओततं?

मुद्दाम ओतणारे फार थोडे. बाकीचा नकळत येतो.

सगळ्यात मोठा एकगठ्ठा स्रोत म्हणजे दंतवैद्यांचे दवाखाने. दातात भरतात ती 'चांदी' वजनाने जवळपास निम्मी पारा असते. उरलेल्या निम्म्यात चांदी, कथील, तांबं. नवी भरताना जादाचा लगदा खरवडला जातो, जुनी काढताना ड्रिलखाली तिचा चुरा होतो, आणि दोन्ही वेळा तो चुरा सक्शनच्या नळीतून थेट गटाराकडे निघतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने देशभराचा हिशोब मांडला, तेव्हा दवाखान्यांतून वर्षाला सुमारे पाच टन पारा सार्वजनिक सांडपाणी केंद्रांकडे जातो असं दिसलं.

त्यानंतर रुग्णालयं: जुने थर्मामीटर, रक्तदाबाची यंत्रं, प्रयोगशाळेतली रसायनं. मग शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळा. तिथल्या बेसिनखालच्या वाकड्या पाइपात पंचवीस-तीस वर्षांपूर्वी सांडलेला पारा अजून बसलेला असतो आणि कण कण सुटत राहतो. मग कारखाने, त्यांच्याबद्दल पुढे. आणि घरं. दातात चांदी असलेल्या माणसाच्या विष्ठेतूनही अगदी थोडा पारा जातो, मासे खाणाऱ्याच्याही जातो. हा पारा कोणत्याही मोहिमेने थांबत नाही. तो कमी व्हायचा तर नव्या पिढीच्या दातांत चांदी नसायला हवी.

केंद्रातच यंत्र बसवून पारा काढून टाकता येत नाही का?

नेहमीची जैविक प्रक्रिया नीट चालत असेल तर येणाऱ्या पाऱ्यातला ९० टक्क्यांहून जास्त भाग पाण्यातून निघतोच. पण निघून जातो कुठे? गाळात. पारा हे मूलद्रव्य आहे. जिवाणू त्याला खाऊन संपवत नाहीत, उष्णता त्याला जाळत नाही. पाण्यातून काढला की गाळात, गाळ जाळला की धुरात, आणि धुरातून पावसाबरोबर परत तळ्यात.

डुलुथला हे फार जवळून कळलं. तिथे गाळ आणि कचऱ्यापासून केलेलं इंधन एकत्र जाळत असत. कागदावर ही सोय छान दिसते: गाळही गेला, कचराही गेला, वर ऊर्जा मिळाली. पण पाण्यातून कष्टाने वेगळा केलेला पारा त्याच चिमणीतून हवेत जात होता. २००१ च्या सुमारास संस्थेने जाळणं सोडलं आणि गाळ हवाबंद टाक्यांत कुजवण्याची पद्धत घेतली. आता तो गाळ खत म्हणून जमिनीवर जातो. म्हणजे त्यातला पारा कमी असणं आणखीच गरजेचं झालं, कारण शेतकरी खत घेतो ते विश्वासावर.

राहिलेला शेवटचा अंश पाण्यातूनही काढायचा म्हटलं तर तंत्र आहे, पण इतक्या मोठ्या प्रवाहातून इतका थोडा पारा काढण्याचा खर्च अवाच्या सवा होतो. तोच पारा दवाखान्याच्या सक्शन-नळीत चुऱ्याच्या रूपात असतो, तेव्हा एका साध्या डब्यात बसतो. सगळा युक्तिवाद इथेच संपतो, असं माझं मत.

किती पारा चालतो? मर्यादा काय आहे?

ग्रेट लेक्सच्या, म्हणजे लेक सुपीरियर ज्यांत येतं त्या पाच मोठ्या तळ्यांच्या, खोऱ्यासाठी १९९५ मध्ये ठरलेल्या मार्गदर्शक नियमांत वन्यजीवांच्या रक्षणासाठी पाण्यातल्या पाऱ्याची पातळी लिटरला १.३ नॅनोग्रॅम धरली आहे. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. ताप मोजायच्या साध्या काचेच्या थर्मामीटरात अर्धा ग्रॅम किंवा थोडा जास्तच पारा असतो. ढोबळ हिशोब करा: अर्धा ग्रॅम पारा सुमारे ३८ कोटी लिटर पाण्याला या पातळीवर नेऊन ठेवायला पुरतो. डुलुथच्या केंद्राचं हे अडीच दिवसांचं पाणी. एका थर्मामीटरचं!

आता आपला आकडा. भारतात सार्वजनिक गटारात किंवा नदीत सोडायच्या सांडपाण्यात पाऱ्याची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. नॅनोग्रॅममध्ये दहा हजार. म्हणजे तिकडच्या पातळीच्या साडेसात हजार पट. ही तुलना तंतोतंत नाही, हे मान्य: त्यांचा आकडा तळ्या-नदीच्या पाण्याचा, आपला पाइपाच्या तोंडाचा. तरी अंतर लक्षात यावं.

पिण्याच्या पाण्यात तर याहून जास्त पारा चालतो. मग सांडपाण्यावर एवढी कडक अट कशाला?

हा प्रश्न अभियंत्यांकडून हमखास येतो आणि तो रास्त आहे. आपल्या भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याला लिटरला ०.००१ मिलिग्रॅम, म्हणजे हजार नॅनोग्रॅम पारा चालतो. अमेरिकेत त्याच्या दुप्पट चालतो. अमेरिकन केंद्राने सोडलेलं पाणी बऱ्याचदा या मोजमापाने पिण्याच्या पाण्याहूनही चोख असतं.

पण तळ्याचा पारा माणूस पाण्यातून घेत नाही, माशातून घेतो. तळाच्या चिखलात, जिथे ऑक्सिजन नसतो, तिथले सल्फेटवर जगणारे जिवाणू साध्या पाऱ्याचं मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात. हा प्रकार शरीरात गेला की लवकर निघत नाही. शेवाळातून किडीत, किडीतून लहान माशात, लहान माशातून मोठ्यात असं करत वॉलाय किंवा पाइकसारख्या शिकारी माशापर्यंत त्याचं प्रमाण पाण्याच्या तुलनेत लाखो पट चढतं. मग तो मासा गरोदर बाईच्या ताटात येतो. मिथाइल पारा वार (प्लासेंटा) ओलांडून गर्भाच्या मेंदूपर्यंत पोचतो. जपानमधल्या मिनामाताला १९५६ मध्ये जे उघडकीला आलं, ते याच साखळीचं टोक होतं. तिथे एका कारखान्याने खाडीत सोडलेला मिथाइल पारा मासे आणि शिंपल्यांतून कोळ्यांच्या घरात गेला होता.

इतका सूक्ष्म पारा मोजतात तरी कसा?

१९९९ पर्यंत अमेरिकेत अधिकृत पद्धतीने लिटरला २०० नॅनोग्रॅमच्या खाली काही दिसतच नव्हतं. अहवालात 'आढळला नाही' असं यायचं आणि सगळे खूश. त्या वर्षी १६३१ क्रमांकाची नवी पद्धत मान्य झाली. ती नॅनोग्रॅमच्याही अंशापर्यंत मोजते. 'आढळला नाही' लिहिणाऱ्या अनेक केंद्रांच्या पाण्यात तिने पारा दाखवला.

नमुना घ्यायची रीतही बदलली. दोन माणसं लागतात. एकजण फक्त बाटलीला आणि तिच्या झाकणाला हात लावतो, दुसरा बाकी सगळ्याला: पंप, दोरी, पेटी. बाटली दोन पिशव्यांत, हातमोजे दर टप्प्याला नवे. यातली एखादी पायरी चुकली की नमुन्यात नदीचा पारा कमी आणि मोजणाऱ्याच्या हातचा जास्त येतो.

'स्वेच्छेने' म्हणजे नक्की काय? कायदा नव्हता का?

कायदा होता, पण त्याचा धाक केंद्राच्या टोकाला होता, उगमाला नव्हता. दंतवैद्याने गटारात काय सोडावं यावर तेव्हा राष्ट्रीय नियम नव्हता. केंद्राला स्थानिक नियम करून सक्ती करण्याचा अधिकार होता, पण डुलुथने आधी तो वापरला नाही. ही निवड होती, नाइलाज नव्हे.

पार्श्वभूमी अशी: १९९१ मध्ये अमेरिका आणि कॅनडा, त्यांची तीन राज्यं आणि ऑन्टारिओ प्रांत यांनी लेक सुपीरियरमध्ये पाऱ्यासह नऊ चिवट विषांचं 'शून्य विसर्जन' करून दाखवायचं ठरवलं. पाऱ्याचं उद्दिष्ट १९९० च्या तुलनेत २००० पर्यंत ६० टक्के घट, २०१० पर्यंत ८० टक्के आणि २०२० पर्यंत शून्य असं ठेवलं होतं. मग १९९९ मध्ये मिनेसोटाच्या विधिमंडळाने राज्याच्या पाऱ्याच्या उत्सर्जनात २००० पर्यंत ६० आणि २००५ पर्यंत ७० टक्के घटीचं ध्येय ठरवलं. त्यासाठी उद्योगांना आणि संस्थांना राज्याच्या प्रदूषण नियंत्रण संस्थेशी ऐच्छिक करार करायला सांगितलं. सांडपाणी संस्थाही त्यात आल्या.

अशा करारात साधारण हे असतं: आपल्याकडे पारा कुठून येतो आणि कुठे जातो याची नोंद, तो कमी करायला आपण काय काय करू याची यादी, आणि केल्याचा जाहीर अहवाल. न केल्यास दंड नाही. पण अहवाल जाहीर असल्यामुळे न केलेलं दिसतं.

डुलुथने १९९७ मध्येच आपल्या अनुभवावरून इतर सांडपाणी केंद्रांसाठी पारा हटवण्याची पुस्तिका काढली होती. तिचं बलस्थान तिच्या कंटाळवाणेपणात आहे: कोणत्या दुकानदाराला, कोणत्या परिचारिकेला, कोणत्या शिक्षकाला काय विचारायचं, हे त्यात आहे.

सुरुवात कुठून करायची?

स्वतःच्या आवारातून. दुसऱ्याच्या दारात जाण्याआधी हे झालेलं असावं, नाहीतर पहिल्याच दंतवैद्याने 'तुमचं काय?' विचारलं की पंचाईत.

जुन्या सांडपाणी केंद्रात पारा कुठे कुठे असतो ते पाहिलं तर थक्क व्हायला होतं. ट्रिकलिंग फिल्टरच्या, म्हणजे दगडांच्या थरावर गोल फिरत सांडपाणी शिंपडणाऱ्या यंत्राच्या, मधल्या खांबात पाणी गळू नये म्हणून पाऱ्याची सील असायची, तीही किलोंच्या हिशोबात. पातळी दाखवणारे फ्लोट स्विच, दाब मोजायचे मॅनोमीटर, बॉयलरवरचे नियंत्रक. यातलं काही फुटलं तर पारा थेट टाकीत.

पण सगळ्यात वाईट जागा प्रयोगशाळा आहे, आणि हे आपल्याकडच्या प्रत्येक मैलापाणी केंद्राला लागू पडतं. सीओडीची, म्हणजे पाण्यातल्या घाणीला किती ऑक्सिजन लागेल ते मोजायची, चाचणी तर रोजची. नमुन्यातल्या क्लोराइडने निकाल बिघडू नये म्हणून तिच्यात मर्क्युरिक सल्फेट घालतात. खुल्या रिफ्लक्स पद्धतीत ५० मिलिलिटर नमुन्याला एक ग्रॅम. त्या एका ग्रॅममध्ये सुमारे ०.६८ ग्रॅम शुद्ध पारा असतो, म्हणजे एका चाचणीमागे एक थर्मामीटर! टायट्रेशन झालं की फ्लास्कमधलं ते आम्लयुक्त पाणी कुठे जातं, हे तुमच्या केमिस्टला विचारा. बेसिनमध्ये जात असेल, तर प्रदूषण मोजण्याच्या निमित्ताने केंद्र स्वतःच रोज पारा सोडतं आहे. बंद नळीच्या पद्धतीत रसायन खूपच कमी लागतं. तो कचरा वेगळ्या कॅनमध्ये साठवून घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राला देता येतो. खर्च फारसा नाही, फक्त सवय बदलावी लागते.

दंतवैद्यांना कसं पटवलं?

ही या सगळ्या कामातली खरी परीक्षा. सांडपाणी खात्याचा माणूस दवाखान्यात आला की डॉक्टर सावध होतात. एक तर दंडाची भीती. दुसरं म्हणजे 'चांदी'च्या सुरक्षिततेवरून वर्षानुवर्षं चाललेला वाद. पाऱ्याचं नाव काढलं की त्यांना वाटतं, आपल्या उपचारपद्धतीवरच हल्ला आहे.

डुलुथने तो वाद बाजूला ठेवला. स्थानिक दंतवैद्य संघटनेला बरोबर घेतलं आणि बोलणं फक्त नळीपुरतं ठेवलं. चांदी वापरा की नका वापरू, हा तुमचा निर्णय. तिचा चुरा गटारात जाऊ नये, एवढंच आमचं मागणं. एखाद्या संघटनेच्या डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरला सांगितलं तर ऐकलं जातं, पालिकेच्या पत्राने नाही. हे आपल्याकडेही वेगळं नाही.

दवाखान्यात करायचं काय, ते असं. खुर्चीजवळ एक जाळी असते, ती मोठे कण पकडते. व्हॅक्यूम पंपाआधी आणखी एक गाळणी. तरीही बारीक भुकटी पुढे जाते. तिच्यासाठी अमाल्गम सेपरेटर नावाचा डबा बसवतात (अमाल्गम म्हणजे हीच 'चांदी'). त्यात पाणी संथ होतं, जड चुरा तळाशी बसतो आणि डबा भरला की पुनर्वापर करणाऱ्याकडे जातो. चांगला सेपरेटर ९५ टक्क्यांहून जास्त चुरा धरतो. जाळीतला चुरा लाल पिशवीत टाकायचा नाही, कारण अमेरिकेत लाल पिशवीतला जैववैद्यकीय कचरा भट्टीत जाऊ शकतो. तो झाकणाच्या बरणीत वेगळा ठेवायचा.

एक बारीकशी गोष्ट बरेच जण विसरतात. सक्शनची नळी धुवायला ब्लीचचं द्रावण वापरलं तर नळीत बसलेल्या चुऱ्यातला पारा विरघळून पुढे जातो आणि सेपरेटर त्याला पकडू शकत नाही. नंतरच्या राष्ट्रीय नियमात नळी धुण्याचं द्रावण ऑक्सिडीकरण करणारं नसावं आणि त्याचा पीएच ६ ते ८ असावा, असं स्पष्ट लिहिलं गेलं.

कारखान्यांचं काय?

डुलुथच्या भागात मोठा ग्राहक म्हणजे कागद गिरणी. गिरणी पारा वापरत नव्हती. तरी तिच्या पाण्यात पारा होता. शोध घेतल्यावर संशय वळला तो ठोक रसायनांकडे. कॉस्टिक सोडा जुन्या पद्धतीने पाऱ्याच्या सेलमध्ये, म्हणजे पारा वापरणाऱ्या विजेच्या टाकीत, बनला असेल तर त्यात पाऱ्याचा अंश उतरतो. धातू वितळवण्याच्या भट्टीतल्या वायूपासून केलेल्या सल्फ्युरिक आम्लातही तो असू शकतो. ब्लीचमध्ये, काही जंतुनाशकांतही. हे टँकरने येणारं रसायन आहे, त्यामुळे प्रमाण नगण्य असलं तरी वर्षाची बेरीज नगण्य राहत नाही.

यावरचा उपाय स्वस्त निघाला: खरेदीच्या अटींत एक ओळ. पुरवठादाराने प्रत्येक मालाबरोबर पाऱ्याचं प्रमाण लिहून द्यायचं, आणि ते नॅनोग्रॅमपर्यंत मोजलेलं हवं. 'नाही' एवढं चालणार नाही.

शाळांमध्ये खरंच कुत्रा नेला होता?

हो. मिनेसोटाच्या प्रदूषण नियंत्रण संस्थेकडे पाऱ्याची वाफ हुंगायला शिकवलेला क्लॅन्सी नावाचा कुत्रा होता. शाळांच्या प्रयोगशाळांत तो फिरायचा आणि पारा असेल तिथे खूण द्यायचा. पोरं कुत्र्यासाठी यायची, आणि शिक्षक कपाटाच्या मागच्या फळीवरची विसरलेली बाटली बाहेर काढायचे. थर्मामीटर बदलून देण्याच्या मोहिमाही झाल्या आणि २००१ मध्ये राज्याने पाऱ्याच्या थर्मामीटरच्या विक्रीविरुद्ध कायदा केला.

डुलुथ भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी एक लक्षात ठेवावं: भारतातून बॅगेत आलेला काचेचा थर्मामीटर जुना झाला तर डब्यात टाकू नका. या संस्थेचं घरगुती घातक कचरा केंद्र तो घेतं.

बहुतेक पारा तर हवेतून येतो. मग सांडपाण्यावर एवढी मेहनत का?

आक्षेप बरोबर आहे आणि तो टाळून चालणार नाही. मिनेसोटाच्या २००७ च्या राज्यव्यापी अभ्यासानुसार तळ्यांत जाणाऱ्या पाऱ्यापैकी जवळपास ९९ टक्के हवेतून पडतो, आणि त्यातला सुमारे ९० टक्के राज्याबाहेरून येतो. कोळसा, खाणी, जगभर पारा वापरून होणारी सोन्याची धुलाई. सांडपाणी केंद्रांचा वाटा टक्क्याच्या आसपास.

मग उत्तर काय? एक म्हणजे डुलुथच्या भट्टीतून जाणारा पारा हवेच्याच खात्यात जमा होत होता. वस्तूंमधला आणि दातांमधला पारा गटार, कचरा, भट्टी या वाटेने हवेत जातो, ही वाट आकडेवारीत सांडपाण्याच्या नावे दिसत नाही. दुसरं म्हणजे नदीमुखाजवळ सोडलेलं पाणी तिथल्याच माशांना लागतं. तरीही मला वाटतं, एखाद्या केंद्राने 'आम्ही तळं वाचवलं' असा दावा केला तर हसावं. त्यांनी आपल्या वाट्याचं काम केलं, एवढंच म्हणता येईल. आणि तेही कमी केंद्रं करतात.

स्वेच्छेने काम होतं का? की सक्तीच लागते?

दोन्ही बाजूंची उदाहरणं अमेरिकेतच आहेत. मिनेसोटात सेंट पॉल-मिनिआपोलिस भागाच्या मेट्रोपॉलिटन काउन्सिलने राज्याच्या दंतवैद्य संघटनेबरोबर ऐच्छिक कार्यक्रम चालवला. आधी हेस्टिंग्ज आणि कॉटेज ग्रोव्ह या दोन छोट्या गावांतल्या दवाखान्यांत सेपरेटर बसवून केंद्राकडे येणारा पारा मोजला. घट स्पष्ट दिसली. तो आकडा हातात असल्यामुळे पुढे बहुतेक दवाखान्यांनी आपणहून सेपरेटर बसवले.

उलट सिअ‍ॅटल शहराच्या किंग काउंटीत नव्वदच्या दशकात पाच-सहा वर्षं पत्रकं, पोस्टर, भेटी सगळं झालं आणि शेकडो दवाखान्यांपैकी मूठभरांनीच सेपरेटर बसवले. शेवटी काउंटीने २००३ ची मुदत देऊन सक्ती केली. मग भराभर बसले आणि गाळातला पारा बराच खाली आला.

फरक कशाने पडला? माझ्या मते तीन गोष्टींनी. मिनेसोटात संघटना स्वतः पुढे होती. गावातल्याच केंद्राचा आकडा दाखवता येत होता. आणि ऐच्छिक कार्यक्रम फसला तर सक्ती येणार, हे सगळ्यांना कळत होतं. किंग काउंटीत पहिल्या टप्प्यात हे तिसरं कोणाला खरं वाटत नव्हतं. मागे दांडा नसलेल्या आवाहनाला लोक मान डोलावतात आणि विसरतात.

राष्ट्रीय पातळीवरही तेच झालं. डिसेंबर २००८ मध्ये पर्यावरण संरक्षण संस्था, दंतवैद्य संघटना आणि सांडपाणी संस्थांची संघटना यांनी ऐच्छिक सामंजस्य करार केला. पुरेसं झालं नाही. २०१७ च्या जूनमध्ये नियम आला आणि बहुतेक दवाखान्यांना १४ जुलै २०२० पर्यंत सेपरेटर बंधनकारक झाला. युरोपीय संघाने तर १ जानेवारी २०२५ पासून, अपवाद वगळता, दातांत पाऱ्याची चांदी भरणंच बंद केलं.

माझ्या दातात चांदी आहे. काढून टाकू का?

केवळ भीतीपोटी नाही. भरलेली चांदी शाबूत असेल तर ती काढतानाच जास्त वाफ आणि चुरा सुटतो. झिजली, तडकली आणि डॉक्टर म्हणाले तर काढा, आणि तेव्हा दवाखान्यात सेपरेटर आहे का ते विचारा. बहुधा तुम्हीच पहिले विचारणारे असाल.

भारतात असं काही झालं आहे का?

सांडपाणी संस्थेने पुढाकार घेतल्याचं उदाहरण माझ्यासमोर नाही, पण ऐच्छिक वचनांचं आहे. २००३ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालय आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्रदूषणकारी उद्योगांच्या १७ प्रकारांबरोबर जबाबदारीची सनद केली. तिच्यात कॉस्टिक सोडा उद्योगाने पाऱ्याचे सेल सोडून पारा न लागणाऱ्या मेम्ब्रेन तंत्राकडे जायचं कबूल केलं होतं. मेम्ब्रेनला वीजही कमी लागते, त्यामुळे कारखान्यांचा फायदाही त्यातच होता. कल्याण परिसरात उल्हास नदी आणि ठाण्याच्या खाडीच्या गाळातल्या पाऱ्यावर संशोधन झालेलं आहे. तिथल्या रासायनिक पट्ट्याचा हा वारसा.

आणखी एक धागा थेट अमेरिकेला जोडणारा. तिकडचा थर्मामीटरचा एक कारखाना १९८० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातून उचलून तमिळनाडूतल्या कोडाइकनालला आणला गेला. तिथला माल मुख्यतः निर्यातीचा होता. पारा लागलेली काच भंगारात विकली गेल्याचं उघड झाल्यावर २००१ मध्ये तो बंद पडला. त्याच वर्षी मिनेसोटात थर्मामीटरविरुद्ध कायदा होत होता. श्रीमंत देशात एखादी वस्तू नकोशी होते, तेव्हा तिचा कारखाना कुठे जातो, हेही या विषयातच येतं.

पाऱ्याला आळा घालणारा आंतरराष्ट्रीय मिनामाता करार भारताने २०१८ मध्ये मंजूर केला.

आमच्या नगरपालिकेच्या केंद्रात हे सुरू करायचं तर?

मोठा आराखडा नको. आधी सुकलेल्या गाळाचा नमुना चांगल्या प्रयोगशाळेत पाठवा. पाण्यात पारा इतका विरळ असतो की साध्या पद्धतीने दिसणार नाही; गाळात तो साठलेला असतो, तिथे दिसतो आणि मोजणंही स्वस्त पडतं. दर तिमाहीला एक नमुना घेतला तरी वर्षभरात कल कळतो. त्याच वेळी सीओडीचा कचरा वेगळा करा.

मग आपल्या हद्दीतले दंतवैद्य, रुग्णालयं, विज्ञान महाविद्यालयं आणि प्रयोगशाळांची यादी. दंतवैद्य संघटनेची स्थानिक शाखा बहुतेक शहरांत असते. नोटीस काढण्याआधी अध्यक्षांना चहाला बोलवा. मुख्य गटारात खालून वर जात नमुने घेतले तर कोणत्या वॉर्डातून पारा येतो ते समजतं. या पद्धतीने शोधताना कधी कधी दवाखाना नव्हे, तर सोनार गल्ली सापडू शकते, हेही ध्यानात असू द्या. जुन्या पद्धतीने मुलामा देण्यात पारा वापरला जातो.

आणि वर्षअखेरीला आकडे जाहीर करा, वाढले असले तरी.

घरात थर्मामीटर फुटला तर?

मुलांना खोलीबाहेर काढा, खिडक्या उघडा. झाडू नको, व्हॅक्यूम क्लीनर अजिबात नको. त्याने पारा बारीक होऊन हवेत पसरतो. दोन जाड पत्त्यांनी थेंब एकत्र लोटा, काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या झाकणाच्या बरणीत घ्या, उरलेले बारीक मणी चिकटपट्टीने टिपा. पट्टी, पत्ते, काच सगळं त्याच बरणीत. बेसिनमध्ये किंवा संडासात काहीही टाकू नका, पारा लागलेला कपडा वॉशिंग मशिनमध्ये घालू नका. बरणीवर 'पारा' असं लिहून ती मुलांच्या हाताबाहेर ठेवा आणि पालिकेच्या किंवा रुग्णालयाच्या घातक कचरा संकलनात द्या.